मागे येण्याचा हुकूम

वसईची नेमणूक मी मागून घेतली. मेथडिस्ट चर्चमध्ये पाळकाने ठिकाण मागायचं नसतं. बिशप पाठवतील तिथे पेटी उचलून जायचं, ही रीत. पण वसई पूर्वेला गोखिवऱ्यात नवे कारखाने उभे राहत होते, तिथे निरनिराळ्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली आमची एकोणीस कुटुंबं होती आणि त्यांना पाळक नव्हता. चर्चची इमारत नव्हती, राहायला घर नव्हतं, पाणी टँकरचं. जायला कुणी तयार नव्हतं. मी लिहिलं, मी तयार आहे. बिशपांनी स्वतःच्या हाताने उत्तर पाठवून माझ्या सेवाभावाचं कौतुक केलं.

खरं कारण माझ्या कोटाच्या खिशात होतं. पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याचं पोस्टकार्ड. त्यात लिहिलं होतं, 'निकम हवालदार पेन्शनीत निघाला. वसईजवळ गोखिवऱ्यात एका कारखान्यात सिक्युरिटीचा मुख्य आहे. मजेत आहे.'

'मजेत आहे' हे दोन शब्द मी पुष्कळ वेळा वाचले.

माझं नाव येशुदास साळवे. वडील नगर जिल्ह्यात प्रचारक होते. मी सहासष्ट साली इन्फन्ट्रीत भरती झालो आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिम सीमेवर होतो. हुद्दा लान्स नाईक. आमची प्लाटून उसाच्या शेताच्या कडेला खंदकात होती. मागे कालवा. पुढे सहाशे यार्डांवर एक बंद पडलेली वीटभट्टी. त्या भट्टीत आमची तीन माणसांची चौकी होती. शत्रू हलला तर पहिली खबर तिथून यायची.

चौकीचा कमांडर नाईक काशिनाथ तांडेल. वसईच्या किनाऱ्यावरच्या कळंबचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. जाळी ओढून ओढून त्याचे हात कोपरापासून मनगटापर्यंत सारख्याच जाडीचे झाले होते. टेलिफोनची वायर तो होडी बांधतात तशा गाठींनी बांधायचा आणि त्याची गाठ सिग्नलवाल्यांनाही सुटायची नाही. आईने पाठवलेले सुके बोंबील त्याने एकदा बंकरमध्ये भाजले तेव्हा मेजर साहेब स्वतः वास कसला म्हणून बघायला आले आणि दोन खाऊन गेले. माझे वडील प्रचारक म्हणून काशिनाथ मला पाद्री म्हणायचा. तेव्हा ती थट्टा होती.

दुसरा शिपाई भिकू माने, सातारकडचा, एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर. दिवसभरात दहा शब्द बोलायचा, त्यातले चार एलएमजीशी. तिसरा मी.

निकम आमचा प्लाटून हवालदार. ड्रिल उत्तम, कपडे कायम इस्त्रीचे. लढाईआधी त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. आदल्या दिवशी प्लाटून कमांडर साहेब जखमी होऊन मागे गेले, त्यामुळे त्या सकाळी प्लाटून निकमच्या हाताखाली होती.

सकाळी साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्चावर. धुकं इतकं की भट्टीची चिमणी खालून दिसत नव्हती. सहाला टेलिफोन तपासला. "वीटभट्टी ठीक." "ठीक." सातला पुन्हा तेच. मग आमच्या उजवीकडे तोफा सुरू झाल्या. काही गोळे आमच्या आणि प्लाटूनच्या मध्ये पडले. सात पंचवीसला काशिनाथने टेलिफोनचं हँडल फिरवलं. लाईन मेलेली.

त्याने पंधरा मिनिटं वाट पाहिली.

"पाद्री, लाईन बघून ये," तो म्हणाला. "आनी येताना पानी आन. भिकूची बाटली रिकामी हाय."

सात चाळीसला मी निघालो. वायर हातात धरून चालत होतो, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं. अडीचशे पावलांवर गोळ्याचा खड्डा होता आणि तिथे वायर तुटलेली होती. टोकं सोलून जोडली आणि तशीच हातात धरून पुढे गेलो. आठ वाजून दहा मिनिटांनी प्लाटूनच्या खंदकात उतरलो.

खंदक रिकामा होता. माणसं नाहीत, पेट्या नाहीत, टेलिफोन नाही. वायरची दोन टोकं मातीच्या भिंतीवरून लोंबत होती.

आम्हाला जे माहीत नव्हतं ते असं. शत्रू उजवीकडून आत घुसला होता. सात दहाला कंपनीने प्लाटूनला हुकूम दिला, कालव्यामागे या. वीटभट्टीची लाईन तोवर तुटली होती. निकमने रेडिओवर सांगितलं, "लाईन बंद आहे. चौकीला सांगायला मी स्वतः जातो. ओव्हर." सात पस्तीसला त्याचा पुन्हा रेडिओ आला, "वीटभट्टीला मेसेज पास. ते मागून येतायत. ओव्हर." हे मला नंतर कंपनीच्या रेडिओ ऑपरेटरने शब्द न शब्द सांगितलं.

सात पस्तीसला मी चौकीत होतो. तिथे कुणी आलं नव्हतं.

मी परत फिरलो आणि पळालो. चारशे यार्ड गेलो असेन. धुकं एकदम वर उचललं गेलं आणि शत्रूची माणसं माझ्या आणि भट्टीच्या मध्ये, उसात दिसली. माझ्या डाव्या पोटरीत गोळी लागली. मी पाण्याच्या पाटात पडलो आणि तिथेच राहिलो. पुढेही जाता येत नव्हतं, मागेही. तिथून ऐकू येत होतं. भिकूची एलएमजी तीन-तीन गोळ्या टाकत होती, तो नेहमी टाकायचा तशी. नऊ चाळीसला ती थांबली. मग एक रायफल. एक गोळी, थांबून आणखी एक. ती पंधरा मिनिटं चालली. मग तीही थांबली.

दुपारी साडेचारला मी सरपटत कालव्याशी पोचलो. हात देऊन मला वर घेणारा माणूस निकम होता.

"एकटाच?" त्याने विचारलं.

"हवालदार, आम्हाला कुणी सांगितलं नाही."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. चार-पाच जवान ऐकत होते. "तू चौकीवर कधी नव्हतास?"

"लाईनवर गेलो तेव्हा. सात चाळीस."

"त्यानंतरच मी गेलो. काशिनाथला सांगितलं. तो म्हणाला, येतो मागून."

एका श्वासात त्याने माझी गैरहजेरी उचलली आणि वापरली. रेडिओवरची सात पस्तीसची वेळ पुढे त्याने धांदलीत चुकली असं सांगून मिटवली.

आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, मला हॉस्पिटलमध्ये भेटायला आला तेव्हा म्हणाला, निकम साडेसातलाच कालव्यावर होता, मी त्याला मगात चहा दिला. बहात्तरमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तिथे तोच लांगरी म्हणाला, "माझ्याकडे घड्याळ नव्हतं, साहेब." मेजर साहेब सज्जन होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "साळवे, शेवटच्या वेळी तू चौकीवर नव्हतास. मी काय करू?" ते खरं होतं. निष्कर्ष लिहिला गेला तो असा, की हुकूम पोचला होता आणि चौकीच्या कमांडरने स्वतःच्या मर्जीने मागे यायला उशीर केला. म्हणजे भिकू माने मेला तो काशिनाथमुळे, असा त्याचा अर्थ होत होता. निकमला पुढे बढती मिळाली नाही, पण त्याच्या नावावर डागही लागला नाही.

त्या उन्हाळ्यात मी कळंबला गेलो. काशिनाथची आई हिराबाय अंगणात बांबूंवर बोंबील टाकत होती. तिला मी सांगितलं की तो एका क्षणात गेला, त्याला कळलंही नाही. सैनिक आईला जे सांगतात ते. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "लोक बोलतात माज्या काशीनं हुकूम मोडला. मोडला का?"

"नाही, आई."

"मंग कोनी मारला त्याला?"

मी म्हणालो, शत्रूने. चहा न घेता निघालो. सुरूच्या झाडांतून एस.टी.च्या थांब्याकडे चालत असताना मी ठरवलं की निकमला मारायचं. हे मी रागाच्या भरात ठरवलं नाही. कुठे, कसं, याचा विचार केला. त्याचं गाव, त्याच्या सुट्ट्या, सगळं काढून ठेवलं.

चौऱ्याहत्तरला फौज सोडली आणि सेमिनरीत गेलो. लोकांना वाटतं लढाईत देव भेटला. तसं काही झालं नाही. वडिलांची इच्छा होती, आणि मला वाटलं या कामाने माझ्यातलं ते निघून जाईल. चार वर्षं ग्रीक शब्द पाठ केले, प्रवचनं लिहिली, आजाऱ्यांच्या उशाशी बसलो. दीक्षा झाली. ते गेलं नाही. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की माझा आवाज खाली जायचा. मंडळी मोठ्याने म्हणत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नसे.

अशा माणसाच्या हातात ते पोस्टकार्ड पडलं.

गोखिवऱ्यात पिठाच्या गिरणीमागची एक खोली भाड्याने घेतली. रविवारी सकाळी तिथेच उपासना. गिरणीवाला तेवढा वेळ पट्टा बंद ठेवायचा. गावातले कॅथलिक शेजारी कुतूहलाने यायचे. पाद्रीची बायको हा त्यांना नवलाचा विषय होता. माझी बायको रूथ दवाखान्यात नर्स होती, आणि महिन्याभरात अर्धं गाव तिला ओळखायला लागलं.

कारखान्याच्या गेटवर मी तिसऱ्या दिवशी गेलो. आमच्या मंडळीतला एकजण तिथे प्रेसवर होता, त्याचं निमित्त केलं. निकम खुर्चीत बसला होता. केस पांढरे, खाकी कपडे इस्त्रीचे. मी रजिस्टरवर नाव लिहिलं आणि त्याच्याकडे वळवलं. त्याने नाव वाचलं. मग माझ्या गळ्यातली पाळकाची कॉलर पाहिली. मग पाय. मी अजून थोडा लंगडतो.

"साळवे? तू पाद्री झालास?"

"हो."

"चांगलं झालं." त्याने पेन खाली ठेवलं. "इथे कसा?"

"तुमच्यासाठी आलो, हवालदार."

एवढंच बोललो. त्यानंतर रोज सकाळी त्याच्या ड्यूटीच्या वेळी मी त्या गेटवरून चालत जायचो. थांबायचो नाही, बोलायचो नाही. एकदा फक्त बघायचो. पहिल्या आठवड्यात तो हात वर करायचा. दुसऱ्या महिन्यात मी दिसलो की आत जायचा. त्याची मानगूट बारीक झाली, कॉलर सैल बसायला लागली. मला बरं वाटायचं. हे लिहायला मला आता लाज वाटते, पण तेव्हा फार बरं वाटायचं.

रूथला निकमबद्दल सगळं माहीत होतं. तिने एकदाच विचारलं, "आपण इथं सेवेला आलोय की शिकारीला?" मी चपला घालून गेटकडे निघालो. तिने पुन्हा विचारलं नाही.

मारण्याचा विचार तोवर मागे पडला होता. मेला असता तर सुटला असता. मला त्याच्या तोंडून खरं हवं होतं, आणि ते काशिनाथच्या आईसमोर हवं होतं. कळंब तिथून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. निकम तीन वर्षं गोखिवऱ्यात राहत होता आणि एकदाही तिच्या दाराशी गेला नव्हता.

कारखान्यात दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन व्हायचं आणि मालक निकमला लढाईची गोष्ट सांगायला लावायचे. मी मालकांना भेटलो. म्हटलं, इथून जवळच एका शहीद जवानाची आई राहते, तिला आणू का? ते खूश झाले. निकमला सांगू नका, म्हटलं, त्याला आनंदाचा धक्का देऊ. मी तीन प्रश्न तयार ठेवले होते. हुकूम किती वाजता मिळाला? कालव्यावर चहा किती वाजता घेतला? मग वीटभट्टीवर किती वाजता गेलात? दीडशे कामगारांसमोर, एकामागून एक.

हिराबाय पांढरं लुगडं नेसून आली होती. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. झेंडा वर गेला. मालक म्हणाले, "आज आपल्यात नाईक काशिनाथ तांडेलच्या मातोश्री आल्या आहेत." निकम माइकसमोर उभा होता. त्याचा रंग उतरलेला मी पाहिला. मी खुर्चीवरून उठण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात हिराबायनेच विचारलं. "तू व्हतास माज्या काशीसंगं?"

निकमने माइकचा दांडा धरला. मग म्हणाला, "होतो, आई."

"शेवटाला?"

"हो. मी गेलो होतो त्याच्यापर्यंत. त्याला पाणी पाजलं. त्याने तुमचं नाव घेतलं. त्याने हुकूम मोडला नाही, आई. तो जखमी होता, त्याला येता आलं नाही."

ती उठली. हळूहळू चालत गेली आणि तिने निकमचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "पानी पाजलंस," ती म्हणाली. "मना वाटायचं तो एकटाच गेला."

कामगार रडत होते. मी परत खुर्चीत बसलो. तीन प्रश्न माझ्या तोंडातच राहिले. ते विचारले असते तर निकमबरोबर तिचंही काहीतरी मोडलं असतं. निकम खोटं बोलून माझ्या हातून दुसऱ्यांदा निसटला होता, आणि यावेळी तिच्या पदराआड.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर थांबलो.

"तिने तुम्हाला जेवायला बोलावलंय," मी म्हणालो. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचं. मी उपासना आटोपून तिथे येईन."

"मी नाही गेलो तर?"

"तर मी आत जाऊन सगळ्यांसमोर तीन प्रश्न विचारीन. तुमच्या घरच्यांनाही बोलावीन."

तो गेला. तीन वर्षं जात राहिला. हिराबाय भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण करायची, त्याला आधी वाढायची, मग मला. आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "सांग ना, काय बोलला माजा काशी." निकम सांगायचा. दर वेळी तेच, कारण थोडं जरी बदललं तरी तिच्या लक्षात यायचं. मी ताटावरून मान वर करून त्याच्याकडे बघत राहायचो. त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तिला वाटायचं त्याला दुःख होतंय. ती त्याला आणखी वाढायची.

मी प्रवचनं चांगली देत होतो. मंडळी एकोणीस कुटुंबांची चौतीस झाली होती. बाप्तिस्मे, लग्नं, दफनविधी. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करायचे. आणि महिन्यातून एकदा मी कळंबला जाऊन एका माणसाला शिक्षा होताना बघायचो आणि तृप्त होऊन परत यायचो.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी निकम माझ्या खोलीवर आला. रूथ दवाखान्यात होती. गिरणी चालू होती, त्यामुळे आम्हाला मोठ्याने बोलावं लागत होतं.

"साळवे, मी गेलो नव्हतो."

"माहीत आहे."

"शंभर यार्ड गेलो होतो. मग गोळा पडला. माझे पाय पुढे जाईनात. मी बसलो. मग मागे आलो. वाटलं, गोळीबार थांबला की परत जाईन."

तेरा वर्षं मी या वाक्यांची वाट पाहिली होती.

"मला तिला सांगून टाकू दे," तो म्हणाला. "तू पाद्री आहेस. तू सांग, काय करू?"

"तिला सांगायचं नाही."

"मग तू तरी ऐकून घे. माफी—"

"मी ऐकलं. जा. रविवारी वेळेवर या."

असं मी बोललो. लोक माझ्याकडे मनावरचं ओझं उतरवायला यायचे, तेच माझं काम होतं. खोटं बोलणाऱ्यांना, दारूड्यांना, बायकोवर हात उचलणाऱ्यांना मी आत बसवून पाणी दिलं आहे. या एका माणसाला मी दारातून परत पाठवलं, कारण तो सांगून मोकळा झाला असता आणि मला ते नको होतं. आईला त्रास होईल, हे कारण माझ्याकडे तयार होतं. ते खरं कारण नव्हतं.

त्या रविवारी माझ्याकडे एक बाप्तिस्मा होता. मला उशीर झाला. तीनला कळंबला पोचलो तेव्हा अंगणात निकमच्या चपला नव्हत्या. चूल विझलेली. हिराबाय ओटीवर बसली होती.

"तो गेला," ती म्हणाली. "सगला सांगून गेला."

मी उभाच राहिलो.

"पानी पाजलं नाय. गेलाच नाय तो. माजा काशी एकटाच व्हता." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"सव्वीस जानेवारीला बी?"

"हो, आई."

पलीकडच्या अंगणात कुणीतरी जाळं झटकत होतं.

"तीन वर्सं तू माज्या हातानं त्याला जेवू घातलंस," ती म्हणाली. "माज्या पोराला मारनाऱ्याला मी माशाचा मधला तुकडा वाढला. तू समोर बसून बघत व्हतास. तुला सूड घ्याचा व्हता तर घ्याचा व्हता. माजी चूल कशाला लागली तुला?"

"आई, मला वाटलं तुम्हाला बरं वाटतंय—"

"खोटा बोलू नको. तो खोटा बोलला तो भिऊन. तू कशापायी बोलतोस?"



"जा," ती म्हणाली. "तो गेला तसा तू बी जा."

एस.टी.त बसलो तेव्हा मला निकमचा राग आला होता. त्याने माझं न ऐकता सांगून टाकलं याचा. वसई यायला आलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी कशाचा राग करतोय.

निकमने नोकरी सोडली आणि गावी गेला. जाण्याआधी त्याने रेकॉर्ड ऑफिसला स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं. मी गेलो नव्हतो, चौकीला हुकूम मिळाला नव्हता, नाईक तांडेलचा काही दोष नाही. एक प्रत हिराबायला पाठवली. मला नाही. तिच्या पुतण्याने ती गावात वाचून दाखवली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. ऑफिसकडून पुढे एका ओळीचं उत्तर आलं, की पत्र फायलीला लावलं आहे.

मी रूथला कळंबचं सगळं सांगितलं. बिशपांना लिहिलं आणि कोणतीही शिक्षा मान्य आहे असं कळवलं. सहा महिने त्यांनी मला वेदीवर उभं राहू दिलं नाही. मी मागच्या सतरंजीवर मंडळीबरोबर बसायचो. क्षमेची ओळ आली की इतरांचा आवाज ऐकायचो.

निकमला मी माफ केलं का, असं रूथ मला वर्षातून एकदा विचारते. मी तिला खरं सांगतो. काही दिवस हो. काही दिवस पहाटे उठतो आणि तो चहाचा मग माझ्या डोळ्यांसमोर असतो, आणि मुठी वळलेल्या असतात. तो मेल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. ती पूर्ण झाली नाही.

हिराबायने मला घालवलं त्याच्या पुढच्या डिसेंबरात, काशिनाथ गेला त्या दिवशी, हिराबायचा पुतण्या सायकलवरून गोखिवऱ्याला आला. काकीने बोलावलंय, म्हणाला.

ती ओटीवरच बसली होती. मला बस म्हणाली नाही. "त्यानं त्याचं सांगलं," ती म्हणाली. "आता तू तुजं सांग. जेवडं हाय तेवडं. मना बरं वाटावं म्हनून काय बी घालू नको."

मी उभ्याने सांगितलं. साडेपाचपासून. धुकं, टेलिफोन, सात चाळीसला मी निघालो ते. पाटात पडून मी काय ऐकलं ते. मग जे मी इन्क्वायरीत बोललो नव्हतो, रूथलाही सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी आमच्या कंपनीने भट्टी परत घेतली. मी हॉस्पिटलमध्ये होतो. ज्यांनी दोघांना उचललं त्यांच्यातला एक जण मला भेटायला आला होता. तो म्हणाला, भिकू भट्टीच्या आत, एलएमजीवर होता. काशिनाथ आत नव्हता. तो भट्टीच्या मागे, चाळीस पावलांवर, वायरच्या कडेला पालथा होता. त्याचं तोंड शत्रूकडे होतं. भिकूची बंदूक थांबल्यावर त्याला डावीकडून मागे निघून जाता आलं असतं, त्या बाजूचा ऊस अजून मोकळा होता. तो गेला नाही. मी ज्या वाटेने परत येणार होतो त्या वाटेवर तो आडवा झाला आणि पंधरा मिनिटं त्याने ती वाट राखली.

"तो माझी वाट बघत होता, आई," मी म्हणालो. "मी दीडशे यार्डांवर पडलो होतो. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. मारली असती तर शत्रूला माझी जागा कळली असती."

हिराबायने डोळे मिटले. रडली नाही. मग म्हणाली, "लहान व्हता तवा बी असाच. कोनाची होडी मागं राह्यली तर हा किनाऱ्यावरून हलायचा नाय."

मला तिने जा म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी मी जातो, ओटीखाली उभा राहतो, सगळं पहिल्यापासून सांगतो आणि परत येतो.

ती आता थकली आहे. सरकारी फायलीत काय लागलं आहे मला ठाऊक नाही. म्हणून चौकीवरचा तिसरा माणूस म्हणून मी हे लिहून ठेवतो. नाईक काशिनाथ तांडेल, राहणार कळंब, आणि शिपाई भिकू माने, जिल्हा सातारा, हे दोघे त्या सकाळी सात पंचवीसपासून दहाला पाच कमी होईपर्यंत वीटभट्टी राखत होते. त्यांना मागे येण्याचा हुकूम मिळाला नाही. त्यांनी कुठलाही हुकूम मोडला नाही.